मेहराब आधी आखा: नवी मशीद बांधणाऱ्या जमातींना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात नवी मशीद बांधायला घेतलेल्या किंवा जुन्या मशिदीचं नूतनीकरण काढलेल्या सर्व जमाती (मशिदीत नमाज पढणारे मोहल्ल्यातले लोक), विश्वस्त मंडळं आणि बांधकाम समित्या

अस्सलामु अलैकुम.

मी कोकणातली, व्यवसायाने आर्किटेक्ट. हे पत्र वडीलधाऱ्यांना आहे, म्हणून शब्द जपून वापरते आहे. पण विषय जिव्हाळ्याचा असल्यामुळे जे वाटतं ते स्पष्टच लिहिते.

आपल्याकडे मशिदीचं काम निघालं की पहिल्या बैठकीत मिनाराची उंची ठरते, दुसऱ्या बैठकीत घुमट. मग हॉल किती माणसांचा, वजूखाना (नमाजाआधी हातपाय धुण्याची जागा) कुठे, फरशी कुठल्या रंगाची. मेहराबीचा, म्हणजे इमामसाहेब नमाज पढवायला ज्याच्यासमोर उभे राहतात त्या भिंतीतल्या कोनाड्याचा, विषय निघतो तो प्लास्टर होऊन गेल्यावर. तोवर चंद्याचे पैसे संपत आलेले असतात, रमजान तोंडावर आलेला असतो, आणि कुणीतरी मोबाईलवर तयार मेहराबींचे फोटो दाखवायला लागतो. त्यातला एक पसंत पडतो. दोन माणसं टेम्पोतून तुकडे आणतात: सीएनसी मशीनवर कापलेली एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाट्याची) जाळी, मागे हिरवी एलईडीची पट्टी, वर सोनेरी पॉलिशची कमान. दोन दिवसांत ती पश्चिमेच्या भिंतीला स्क्रूने बसते. तिसऱ्या पावसाळ्यात एमडीएफ फुगते, कडा सुटतात, एलईडीची अर्धी पट्टी बंद पडते. मग वर्गणी काढून पुन्हा नवी.

माझी विनंती अशी, की प्लॉटवर जी पहिली खुंटी ठोकाल ती मेहराबीची ठोका. किब्ल्याची (नमाजात तोंड करायच्या काबाच्या दिशेची) रेघ, त्या भिंतीवर पडणारं ऊन आणि पाऊस, इमामसाहेबांच्या सजद्याला (जमिनीवर कपाळ टेकायला) लागणारी जागा, त्यांच्या आवाजाची वाट, हे सगळं त्या एका ठिकाणी ठरतं. ते ठरलं की बाकीची मशीद त्याच्यामागून आखता येते. उलट दिशेने गेलं की काय होतं ते आपण गावोगाव बघतो आहोत.

सुरुवात दिशेपासून करते. बोलताना आपण सहज "पश्चिमेकडे तोंड करून" म्हणतो. महाराष्ट्रातून किब्ला बरोबर पश्चिमेला येत नाही, तो पश्चिमेपासून उत्तरेकडे थोडा कललेला आहे: मुंबईत साधारण 10 अंश, पुण्यात 11, नागपुरात 8, रत्नागिरी-कोल्हापूरकडे 13 ते 14. म्हणजे नागपूरच्या एखाद्या छान मशिदीचा नकाशा कोल्हापूरच्या जमातीने जसाच्या तसा उचलला, तर तिथेच सहाएक अंशांचा फरक पडला.

एवढ्या फरकाने नमाज होत नाही असं मी म्हणत नाही आणि आपले उलेमाही म्हणत नाहीत. लांबच्या मुलखातल्या माणसाने काबाच्या बाजूला तोंड करणं पुरेसं धरलेलं आहे. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीतली किब्ल्याची भिंत आज गणिताने काढलेल्या दिशेपेक्षा बरीच दक्षिणेकडे वळलेली आहे, आणि तिथे शतकानुशतकं जमातीने नमाज पढली. त्यामुळे वाडवडिलांनी चिऱ्यात बांधलेली मशीद ॲपवर पाच अंश तिरकी दिसली म्हणून ती पाडायचा विचार कृपा करून करू नका. अशी चर्चा कानावर आली की जीव तुटतो. पण नवी बांधताना, हातात सगळी साधनं असताना, अंदाजाने का बांधावी?

मोबाईलच्या होकायंत्रावर मात्र विसंबू नका. जमिनीत सळया असल्या, शेजारी गाडी उभी असली, विजेचा मीटर जवळ असला की सुई भरकटते, आणि बांधकामाच्या जागेवर या तिन्ही गोष्टी हमखास असतात. याहून खात्रीचा उपाय फुकट आहे. वर्षातून दोनदा सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो: 28 मे रोजी आपल्या घड्याळात दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी आणि 16 जुलै रोजी 2 वाजून 57 मिनिटांनी. लीप वर्षात दोन्ही तारखा एक दिवस आधी धरायच्या. त्या क्षणी जिथे जिथे सूर्य दिसतो, तिथून सूर्याची बाजू तीच किब्ल्याची बाजू. प्लॉटवर तिकाटणं उभं करून ओळंबा टांगा, लोंबकळणं थांबू द्या, आणि वेळ झाली की दोरीच्या सावलीवर चुन्याची रेघ ओढा. रेघेचं सूर्याकडचं टोक म्हणजे किब्ला. जुलैत आपल्याकडे ढगच ढग, म्हणून मेची तारीख पकडा. एखाद-दुसरा दिवस इकडेतिकडे झाला तरी फरक नगण्य असतो. हे काम इंजिनिअरवर सोडून देऊ नका. मौलाना, गवंडी, मदरशातली मुलं, मोहल्ल्यातल्या बायका, सगळ्यांना बोलवा. त्या रेघेवर मग कुणाचा वाद राहत नाही.

खरी अडचण पुढे आहे. रेघ सापडते, पण प्लॉट तिला जुमानत नाही. रस्ता एका दिशेला, हद्द दुसऱ्या दिशेला, किब्ला तिसऱ्याच. भिवंडीसारख्या दाटीच्या गावात किंवा गुंठेवारीच्या तुकड्यांवर तर नेहमीच असं. मग आपण काय करतो? इमारत रस्त्याला समांतर बांधतो आणि आत फरशीवर तिरक्या पट्ट्या चिकटवून सफा (नमाजींच्या रांगा) आखतो. मेहराब राहते भिंतीच्या मधोमध, भिंतीच्या काटकोनात. इमामसाहेब तिच्यात तिरके उभे राहतात, पहिल्या सफेच्या एका टोकाला चार माणसांची जागा वाया जाते आणि दुसऱ्या टोकाला शेवटचा माणूस खांबाआड जातो.

ही अडचण सोडवलेली एक मशीद ढाक्यात आहे, आणि आपल्या प्रत्येक बांधकाम समितीने तिचे नकाशे एकदा तरी समोर पसरून बघावेत असं मला मनापासून वाटतं. शहराच्या उत्तर टोकाला फैदाबाद नावाच्या दाट वस्तीत ही बैत उर रऊफ मशीद 2012 मध्ये पुरी झाली. जागा एका आजींनी दान दिली आणि नकाशा करायला आपल्या आर्किटेक्ट नातीला सांगितलं. त्या नातीचं नाव मारिना तबस्सुम. मशीद उभी राहिलेली बघायला आजी उरल्या नाहीत. एकूण बांधकाम 754 चौरस मीटर, म्हणजे साधारण 8,100 चौरस फूट. आपल्याकडच्या मोठ्या मोहल्ल्याची मशीद असते तेवढंच. 2016 मध्ये या इमारतीला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

तिथे किब्ला प्लॉटच्या बाजूंना 13 अंश तिरका येत होता. तबस्सुम यांनी बाहेरच्या भिंती प्लॉटला धरून चौकोनी ठेवल्या. त्या चौकोनाच्या आत विटांची एक गोल भिंत बसवली, आणि गोलाच्या आत नमाजाचा चौकोनी हॉल किब्ल्याच्या रेघेवर फिरवून ठेवला. गोल भिंतीला कोपरे नसतात, त्यामुळे आतला हॉल बाहेरच्याशी तिरका आहे हे डोळ्याला कळतच नाही. बाहेरचा चौकोन आणि गोल यांच्यात उरलेल्या जागेत गरजेच्या सोयी मावल्या. गोल आणि हॉल यांच्यात चारी बाजूंना आकाशाला उघड्या जागा राहिल्या, त्यांतून उजेड येतो. छताला विखुरलेली गोल छिद्रं आहेत. मिनार नाही, घुमट नाही. विटा उघड्याच आहेत, काही ठिकाणी जाळीसारख्या रचलेल्या, त्यातून वारा खेळतो.

आणि मेहराब? ढाक्याच्या या मशिदीत ती एक फट आहे. किब्ल्याच्या बाजूच्या विटांच्या भिंतीत उभी, उंच, अरुंद, रिकामी जागा सोडली आहे. कमान नाही, कुराणाची आयत नाही, संगमरवर नाही. पण ती नीट बघा, कारण तिच्यातली हुशारी फोटोत पटकन दिसत नाही. फट सरळ आरपार काढली असती तर सफेत उभ्या माणसाला बाहेरची रहदारी दिसली असती. म्हणून ती तिरकी काढली आहे. आतून बघणाऱ्याला रस्ता दिसत नाही, दिसतं ते मागच्या भिंतीवर पडलेलं ऊन. सूर्य सरकतो तसं ते ऊन बदलत राहतं. एका विटेचाही जास्त खर्च न करता दिशाही कळली आणि समोर बघण्यासारखं काही आहे पण लक्ष वेधून घेणारं काही नाही, हेही साधलं. आज बांधल्या जाणाऱ्या मशिदींत मेहराबीचा इतका खोल विचार केलेली दुसरी मशीद मला माहीत नाही.

ही इमारत आपल्याला अधिक जवळची आहे, कारण ढाक्याचा किब्लाही आपल्यासारखाच पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला आहे. पाऊस, दमट हवा, विटेचं काम, तेही ओळखीचं. बाहेरची सगळीच उदाहरणं आपल्याला लागू पडत नाहीत. अंकारात तुर्कस्तानच्या संसदेच्या आवारातली मशीद घ्या. बेहरुझ आणि जान चिनिजी या पितापुत्रांनी ती केली, 1989 मध्ये पुरी झाली, आणि किब्ल्याची अख्खी भिंतच काचेची ठेवली. मेहराबही काचेची. समोर बाग आणि पाणी. फोटो बघून कुणीही हरखून जाईल, आणि तसं करून द्या म्हणणारे विश्वस्त मला भेटलेही आहेत. पण अंकारातून मक्का दक्षिणेला, जरा पूर्वेकडे येते. असरच्या (दुपार कलल्यावरच्या नमाजाच्या) वेळी तिथे सूर्य नमाजींच्या उजव्या अंगाला असतो. आपल्याकडे तो थेट समोर असतो. एप्रिलच्या मध्याला आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तर मुंबईत मावळता सूर्य जवळजवळ नेमका किब्ल्याच्या रेषेत उतरतो. काचेची मेहराब केली की असरला अख्ख्या पहिल्या सफेच्या डोळ्यांत ऊन. मग काचेला काळी फिल्म, फिल्मवर पडदा, पडद्यावर पुन्हा कॅलेंडर. इंडोनेशियात बांडुंगजवळ 2010 मध्ये झालेल्या अल-इर्शाद मशिदीत किब्ल्याची बाजू उघडीच ठेवली आहे, आणि तिथला किब्लाही पश्चिमेकडचाच आहे. पण तिथे समोर तळं आणि डोंगर आहेत. आपल्या समोर शेजारच्या बिल्डिंगचा जिना येणार.

इस्तंबूलच्या सांजाकलार मशिदीतून मात्र शिकण्यासारखं आहे. एमरे आरोलात यांनी ती टेकडीच्या उतारात जवळपास जमिनीखाली नेली आहे. हॉल गुहेसारखा अंधारा, आणि उजेड येतो तो किब्ल्याच्या भिंतीला लागून वर ठेवलेल्या लांब फटीतून. तो भिंतीवरून खाली ओघळतो. दारातून आत पाऊल टाकणाऱ्याला कुठे तोंड करायचं हे विचारावं लागत नाही. आपल्याकडे छताला अशी फट ठेवली तर आषाढात बादल्या लावाव्या लागतील, हे खरं. पण तेच काम मेहराबीच्या उत्तरेच्या कुशीत एक उभी, अरुंद खिडकी ठेवून होतं. वर छज्जा, बाहेर लोखंडी गज, आणि आतून ती मेहराबीच्या कडेआड लपलेली. उत्तरेचा उजेड मऊ असतो, कडक ऊन तिथून उन्हाळ्याचे थोडे दिवस, तेही तिरपं येतं. मेहराबीची आतली वळलेली भिंत दिवसभर उजळलेली राहते आणि डोळ्याला खिडकी दिसतच नाही. यासाठी ती भिंत वीटकामाच्या वेळीच तशी घ्यावी लागते. नंतर फोडून होत नाही.

आता पाऊस. किब्ल्याची भिंत म्हणजे आपल्या मशिदीची पश्चिमेची भिंत, आणि कोकणात पावसाची झड याच भिंतीवर बसते. घरांच्या पश्चिमेच्या भिंतींना आपण पत्रे ठोकतो, झावळ्या बांधतो. मशिदीच्या त्याच भिंतीतून मात्र मेहराबीचा अर्धगोल बाहेर काढतो आणि त्याला उघडा ठेवतो. अर्धगोल आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा ठिबकायला लागतो. आत मेहराबीच्या डोक्यावर, नेमकी कमान सुरू होते तिथे, पिवळा डाग उतरतो. ऑगस्टपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात. जुम्म्याला (शुक्रवारच्या नमाजाला) सगळ्या जमातीच्या डोळ्यांसमोर तोच डाग असतो आणि कमिटी म्हणते, वॉटरप्रूफिंगवाल्याने फसवलं. बाहेर आलेल्या त्या अर्धगोलाला स्वतःचं छोटं उतरतं छप्पर द्या, पागोळी भिंतीपासून हातभर लांब पडेल असं. कौलं चालतील, चिऱ्याची पायरीपायरीची मांडणीही सुंदर दिसते. आणि नगरपालिकेकडे जाणाऱ्या नकाशात तो बाहेर आलेला भाग पहिल्यापासून दाखवा, म्हणजे सामासिक अंतराचा (हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेचा) प्रश्न शेवटच्या महिन्यात उभा राहणार नाही.

खोलीचं मोजमाप ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. माणसाला टाचेपासून सजद्यात कपाळ टेकेपर्यंत साधारण चार फूट लागतात, म्हणून एका सफेला आपण चार फूट धरतो. भिंतीला चिकटवलेली तयार मेहराब सहा इंच खोल असते. म्हणजे इमामसाहेबांची उभी राहण्याची आणि सजद्याची सगळी जागा हॉलमधून जाते, आणि त्यांच्यामागे एक पूर्ण सफ कमी होते. हॉल चाळीस फूट रुंद असेल तर वीस-बावीस माणसं. ईदला आणि जुम्म्याला तेवढी माणसं रस्त्यावर उभी राहतात आणि मग त्यावरून काय काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. मेहराब साडेतीन-चार फूट खोल घेतली की ती सफ परत मिळते. हनफी फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) ग्रंथांत इमामाने पूर्णपणे मेहराबीच्या आत उभं राहणं मकरूह (नापसंत) धरलं आहे. पाय बाहेर आणि सजदा आत असेल तर हरकत नाही. घाटावर बहुतेक जमाती हनफी, कोकणात आपण बहुतेक शाफई, म्हणजे फिकहच्या दुसऱ्या परंपरेतले. तेव्हा आपल्या मौलानांना आधीच विचारून घ्या. त्यांच्या उत्तरावर मेहराबीची खोली आणि उंबऱ्याची रेघ ठरते. जमिनीवर खडूने पूर्ण मापाची मेहराब काढा आणि इमामसाहेबांना तिथे दोन रकात (नमाजाची दोन आवर्तनं) पढायला सांगा. सजद्यात कोपर कुठे लागतात, मिंबर (प्रवचनाचा पायऱ्यांचा मंच) आड येतो का, रुकूतून (कमरेत वाकून) उठताना डोकं कमानीला लागेल का, ते पाच मिनिटांत समजतं.

आवाजाचंही असंच. इमामाचं तोंड जमातीकडे नसतं, भिंतीकडे असतं. माइक नव्हता तेव्हा मागच्या सफांपर्यंत किरात (कुराणाचं पठण) पोहोचायची ती या वळलेल्या भिंतीवर आपटून, परतून. आज माइक आहे, म्हणून आपण मेहराबीला आतून गुळगुळीत ग्रॅनाइट लावतो. मग गोल, कडक, चकचकीत पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो, नेमका कॉलर माइकच्या आसपास, आणि सूरह फातिहाच्या मध्ये शिट्टी वाजते. साउंडवाल्याला बोलावून आवाज कमी केला की शेवटच्या सफेला ऐकू येत नाही. मेहराबीचा आतला भाग थोडा खडबडीत ठेवा: उघडी वीट, टाकीने घडवलेला चिरा, मागेपुढे बसवलेल्या विटांचे थर. आवाज पसरतो, गोळा होत नाही. आणि पावसाळ्यात फजरला (पहाटेच्या नमाजाला) लाईट गेली, इन्व्हर्टर दमला, तरी नीट आकाराची मेहराब आपलं जुनं काम करत राहते.

इतकं वाचून कुणी म्हणेल, ही बाई सगळी सजावटच काढायला निघाली. तसं नाही. पहिल्या मशिदींत कोनाडा नव्हता. मदिनेची मशीद 707 ते 709 या काळात खलिफा वलीद यांच्या हुकमाने नव्याने बांधली गेली तेव्हा तिथे पहिली खोलगट मेहराब आली, आणि त्या कामावर इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती गवंडीही होते. त्यानंतर ट्युनिशियातल्या कैरवानमध्ये चकाकणाऱ्या फरशा आणि जाळीदार संगमरवर आला, कोर्दोबात सोनेरी मोझेक. फार लांब कशाला, सोलापूरहून शंभर किलोमीटरवर विजापूरची जामा मशीद आहे. तिथली मेहराब 1636 मध्ये मुहम्मद आदिलशहाच्या काळात रंगवली गेली: सोन्याचा मुलामा, चितारलेले मिनार, फुलदाण्या, आणि कोनाड्यांत ठेवलेल्या पुस्तकांची चित्रं, खरी वाटतील अशी. तिच्यासमोर मी उभी राहिले आहे आणि हलावंसं वाटलं नाही. दख्खनच्या कारागिरांनी त्या भिंतीच्या मापाने, त्या उजेडात बसून केलेलं ते काम आहे. माझा राग आहे तो कुठल्याही गावात, कुठल्याही भिंतीवर स्क्रूने बसणाऱ्या एकाच साच्यावर. आपल्याकडे चिऱ्यात कमान वळवणारे गवंडी अजून आहेत, सागवानात कातीव काम करणारे सुतार आहेत, सुंदर हात असलेले खुशनवीस (सुलेखनकार) आहेत. तयार मेहराबीवर जाणारे पैसे त्यांच्याकडे गेले तर मशिदीलाही शोभा येईल आणि त्यांच्या मुलांना तो धंदा सोडावा लागणार नाही.

पण सजावटीला एक हद्द आपल्या हदीसमध्येच आहे. हजरत आयेशा यांच्या घरातल्या चित्रांच्या पडद्याबद्दल रसूलुल्लाहनी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) तो काढायला सांगितलं, कारण नमाजात त्यावरची चित्रं समोर येत राहत होती. सहीह बुखारीत हे आहे. आता आपल्या मशिदीतली किब्ल्याची भिंत आठवून बघा. मेहराबीच्या उजव्या हाताला लाल आकड्यांचं डिजिटल घड्याळ, सेकंद पळताना दिसतात. डाव्या हाताला पाच वेळांची पाटी. वर स्प्लिट एसी, त्याचा हिरवा दिवा. खाली एका दुकानाचं कॅलेंडर, त्यावर दुकानदाराचा फोन नंबर. शेजारी चंदा देणाऱ्यांची यादी. सजद्यातून मान वर केली की आधी हे सगळं. ही एक गोष्ट आज, एक पैसा खर्च न करता होऊ शकते: घड्याळ आणि पाट्या मागच्या भिंतीवर न्या, दाराजवळ. माणूस आत येताना वेळ बघतो, नमाजात नाही.

एक गोष्ट माझ्या बाजूची. ज्या मशिदींत बायकांना जागा आहे, तिथे ती बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर किंवा मागच्या खोलीत असते, आणि तिथून मेहराब दिसत नाही. स्पीकरमधून तकबीर ("अल्लाहु अकबर") ऐकायची आणि अंदाजाने रुकूत जायचं. लाईट गेली तर इमाम कुठल्या रकातीत आहेत तेही कळत नाही. इस्तंबूलच्या शाकिरीन मशिदीत (2009) आतली रचना झैनेप फादिल्लीओलू या बाईंनी केली. तिथली फिरोजी, शिंपल्यासारखी उघडी मेहराब वरच्या सज्जातून स्वच्छ दिसते. मेहराबीची जागा आणि उंची आधी ठरली तर सज्जाच्या कठड्यापासून तिच्यापर्यंत सरळ रेघ मोकळी ठेवता येते. कठड्याला जाळी लावा, पडदा हवा तर पडदा लावा, पण रेघ ठेवा. काम झाल्यावर ते जमत नाही, मध्ये तुळई येते. बांधकाम समितीत जमातीतल्या दोन बायका घ्या. बसायला कुठे, दिसतं कुठून, ऐकू येतं का, हे त्या पहिल्याच दिवशी विचारतील.

ज्यांचं काम प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आलं आहे, त्यांनी तिथेच आठवडाभर थांबावं, अशी माझी विनंती आहे. आठवड्याच्या उशिराने रमजान चुकत नाही. ज्यांचं काम अजून कागदावर आहे, त्यांनी आर्किटेक्टला पहिला नकाशा मिनाराचा मागू नये. मेहराबीचा मागावा, पूर्ण मापाचा, दोन्ही बाजूंनी कापलेला: एक छेद बाहेरचा पाऊस दाखवणारा, एक आतला उजेड दाखवणारा. मौलानांची सही त्या नकाशावर घ्यावी. आणि प्लॉट मोकळा असेल तर येत्या 28 मेला दुपारी अडीच वाजता गवंड्याला ओळंबा घेऊन बोलवावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही जमातीने निरोप दिला तर मी स्वतः येईन, त्याचे पैसे घेणार नाही.

वस्सलाम,
आपलीच,
मोहल्ल्यातली एक आर्किटेक्ट
रत्नागिरी जिल्हा